छोटा व्यवसाय, भागीदार आणि घरचे : कायदेशीर नियोजनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधील वर्कशॉप, जांभळी नाक्यावरील आजोबांच्या काळातले दुकान, वाशीच्या बाजार समितीतील पेढी, घणसोलीत घरातून चालणारा फराळाचा व्यवसाय अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो : भागीदारीचे डीड (म्हणजे लेखी करारपत्र), इच्छापत्र आणि नॉमिनेशन या तीन कागदांपैकी कोणताही एक केला की उरलेल्या दोघांचे काम त्यातच भागते. तसे होत नाही. वारसाहक्काची उत्तरे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी वाचकांसाठी ते नियम वेगळे आहेत. प्रत्यक्ष कागद करताना आपला वकील आणि सीए यांना एकत्र बसवावे, कारण एकाने लिहिलेले कलम दुसऱ्याच्या हिशेबात अडकल्याची उदाहरणे कमी नाहीत.

१. माझा एकट्याचा धंदा आहे, भागीदार कोणी नाही. मला कसले नियोजन करायचे?

एकल मालकीत, म्हणजे प्रोप्रायटरी व्यवसायात, मालक आणि धंदा यांना कायदा वेगळे मानत नाही. धंद्याचे देणे थकले तर मालकाचे राहते घरही वसुलीच्या कक्षेत येऊ शकते, आणि मालक गेला तर ‘धंदा’ नावाची काही स्वतंत्र वस्तू मागे उरत नाही. उरतो तो माल, येणे, देणे, परवाने आणि जागा, आणि यांपैकी प्रत्येकाची वाट निराळी असते. त्यामुळे एकट्या मालकाने किमान तीन गोष्टी कराव्यात : करंट खात्यावर नॉमिनेशन (प्रश्न १०), इच्छापत्र (प्रश्न ११), आणि येणे-देण्याची अद्ययावत यादी घरातील एका तरी व्यक्तीच्या हाती देणे. तिसरी गोष्ट कायद्याची नाही. पण उधारीची वही फक्त मालकाच्या डोक्यात असल्यामुळे बुडालेली रक्कम कोणतेही न्यायालय शोधून देऊ शकत नाही.

२. आमची भागीदारी तोंडी आहे आणि वर्षानुवर्षे सुरळीत चालू आहे. डीड केलेच पाहिजे का?

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार तोंडी भागीदारीसुद्धा वैध असते. अडचण अशी की जे आपण लिहून ठरवत नाही, ते कायदा आपल्या वतीने ठरवून टाकतो. कलम १३ प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, काम करणाऱ्या भागीदाराला पगार मागता येत नाही, आणि भांडवलाव्यतिरिक्त कोणी जास्तीची रक्कम घातली असेल तर तिच्यावर वार्षिक ६ टक्के व्याज मिळते. म्हणजे एकाने आठ लाख घातले, दुसऱ्याने काहीच घातले नाही पण सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकान सांभाळले, तर कायद्याच्या नजरेत दोघेही निम्म्या नफ्याचे धनी, आणि बारा तास उभे राहण्याचा मोबदला शून्य. शिवाय मुदत ठरलेली नसल्यामुळे ही भागीदारी ‘मर्जीनुसार’ ठरते आणि कोणताही भागीदार इतरांना लेखी नोटीस देऊन ती संपवू शकतो.

आयकराच्या बाजूनेही डीड लागतेच. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरील व्याज हे डीडमध्ये लिहिलेले असेल तरच, आणि ठरलेल्या मर्यादेतच, फर्मच्या उत्पन्नातून वजा होते. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन यांची वर्षाची बेरीज २०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, तर फर्मने १० टक्के टीडीएस कापणेही बंधनकारक झाले आहे.

३. डीड नोटरी करून घेतले आहे. आता पुन्हा रजिस्ट्रेशन कशाला?

नोटरी झाल्याने सही कोणी केली एवढे शाबीत व्हायला मदत होते. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडील नोंदणी ही निराळी गोष्ट आहे. ती सक्तीची नाही, मात्र ती नसल्याचा दंड कलम ६९ मध्ये आहे : नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निर्माण झालेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसाविरुद्ध दावा लावता येत नाही. तुमचे पैसे बुडवणारा ग्राहक निर्धास्त राहतो, पण तुमच्याविरुद्ध दावा लावायला कोणालाही आडकाठी नसते. थकबाकी वसुलीची वेळ आल्यावर नोंदणी करून मग दावा दाखल करता येतो. आधी दावा आणि मागाहून नोंदणी असे चालत नाही, आणि दरम्यान दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत उलटून जाण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रापुरती एक जुनी भानगड येथे सांगायला हवी. मूळ कायद्यात, नोंदणी नसली तरी भागीदारांना आपसांत फर्म विसर्जित करण्यासाठी किंवा हिशेबासाठी न्यायालयात जाता येत होते. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ (२अ) घालून तो मार्गही अडवला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. तरीही जुनी पुस्तके पाहून ‘नोंदणी नाही, आता हिशेबही मागता येणार नाही’ असा सल्ला अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

४. इंटरनेटवरून घेतलेला डीडचा नमुना वापरला तर काय बिघडते?

नाव, पत्ता, नफ्याचे प्रमाण येथपर्यंत फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते शेवटच्या पानावर, कारण बाहेर पडणे, मृत्यू आणि वाद या तीन प्रसंगांबद्दल नमुन्यात बहुधा एकेकच ओळ असते, आणि नेमक्या त्याच ओळींसाठी डीड केलेले असते.

एक हिशेब पाहा. रबाळ्यातील एका वर्कशॉपमध्ये तीन समान भागीदार आहेत असे धरू. घसारा वजा जाता यंत्रांची वहीतील किंमत ६ लाख रुपये उरली आहे, बाजारात तीच यंत्रे १८ लाखांना विकली जातील. एक भागीदार बाहेर पडतो. डीडमध्ये ‘ताळेबंदाप्रमाणे हिस्सा द्यावा’ असे लिहिले असेल, तर केवळ यंत्रांपोटीच त्याला ४ लाख रुपये कमी मिळतात. ‘बाजारभावाने मूल्यांकन करून द्यावा’ असे असेल तर उरलेल्या दोघांना ते जास्तीचे ४ लाख रोखीने उभे करावे लागतात. यांपैकी कोणतेही एक बरोबर किंवा चूक नाही. मात्र कोण आधी बाहेर पडणार हे माहीत नसताना, म्हणजे डीड करतानाच, तिघांनी जे ठरवले ते तिघांनाही न्याय्य वाटते; नंतर वाटत नाही. मृत्यूविषयीचे कलम साधारण असे असावे :

‘कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूमुळे संस्था विसर्जित होणार नाही. मृत भागीदाराचे भांडवल, चालू खात्यावरील शिल्लक, मृत्यूच्या तारखेपर्यंतचा नफा आणि गुडविलमधील हिस्सा यांची रक्कम सर्व मालमत्तेचे बाजारभावाने मूल्यांकन करून सहा महिन्यांच्या आत निश्चित करण्यात येईल व ती त्याच्या कायदेशीर वारसांना बारा समान मासिक हप्त्यांत व्याजासह देण्यात येईल.’

हप्ते आणि व्याजदर आपापल्या ऐपतीनुसार ठरवावेत. मूल्यांकन कोण करणार हे त्याच कलमात लिहावे, आणि तो माणूस कोणा एका भागीदाराचा घरचा सीए नसावा. याशिवाय किती रकमेवरील चेकला दोन सह्या लागतील, कोणत्या व्यवहाराला सर्वांची संमती लागेल आणि वाद झाल्यास लवाद कोठे बसेल, एवढे तरी स्वतंत्रपणे लिहिलेले असावे.

५. आम्ही दोघेच भागीदार आहोत. वरचे कलम घातले की एकाच्या मृत्यूनंतर फर्म चालू राहील ना?

राहणार नाही. भागीदारीला किमान दोन माणसे लागतात. एक गेला की उरलेल्या एकट्याची भागीदारी होऊ शकत नाही, आणि डीडमध्ये काहीही लिहिले तरी फर्म संपते. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्येच हे स्पष्ट केले आहे. मृताच्या वारसांनी उरलेल्या भागीदाराबरोबर धंदा पुढे चालवला तर ती नवी भागीदारी असते आणि तिच्यासाठी वारसांची नवी संमती लागते. वडिलांनी डीडवर केलेली सही मुलाला भागीदार बनवत नाही.

यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला, विश्वासातील तिसरी सज्ञान व्यक्ती लहान हिश्श्याने आधीच भागीदार म्हणून घेणे. मात्र त्या व्यक्तीवर काय जबाबदारी येते ते प्रश्न ७ मध्ये वाचून मगच घ्यावे. दुसरा, एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करणे.

६. मग सरळ एलएलपीच का करू नये?

एलएलपी अधिनियम, २००८ खाली संस्था भागीदारांपासून वेगळी मानली जाते, एखादा भागीदार गेल्याने ती संपत नाही, आणि धंद्याच्या देण्यांसाठी भागीदाराच्या घरापर्यंत सहसा कोणी पोहोचत नाही. दोनपैकी एकच भागीदार उरला तर दुसरा घेण्यासाठी सहा महिने मिळतात. त्यानंतरही जाणूनबुजून एकट्याने धंदा चालवला तर त्या काळातील देण्यांची जबाबदारी त्याच्यावर व्यक्तिशः येते. किंमत म्हणजे कागदपत्रांची शिस्त : दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११, ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८, आणि उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेले की ऑडिट. बँकेने कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी घेतली, आणि छोट्या धंद्यात ती जवळजवळ नेहमीच घेतली जाते, तर त्या कर्जापुरते मर्यादित जबाबदारीचे कवच गळून पडते. महिन्याकाठी वेळेवर हिशेब लिहून होत नसेल अशा दुकानाने केवळ नावापुढे ‘एलएलपी’ शोभते म्हणून त्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे.

७. पतीच्या धंद्याचे कर्ज पत्नीला फेडावे लागते का? आणि मी ‘नावापुरती’ भागीदार आहे, त्याचे काय?

केवळ विवाहामुळे कोणाच्याही धंद्याचे देणे जोडीदाराच्या अंगावर येत नाही. ते येते सहीमुळे. सहकर्जदार, जामीनदार किंवा भागीदार यांपैकी कोणत्या रकान्यात सही आहे, ते कर्जाच्या कागदांत पाहावे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी पतीची मालमत्ता विकावी, मग माझ्याकडे यावे, असे म्हणण्याचा अधिकार सहसा नसतो.

‘नावापुरता भागीदार’ असा वेगळा वर्ग कायद्यात नाही. भागीदारी अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मच्या सर्व कृत्यांसाठी इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. नफ्यातील हिस्सा पाच टक्के असला तरी देण्यातील जबाबदारी पाच टक्के होत नाही. जीएसटीच्या थकबाकीबाबतही हाच नियम आहे. चेक न वटल्याच्या फौजदारी प्रकरणात मात्र थोडा फरक पडतो : चेक दिला त्या वेळी जो भागीदार धंद्याचा कारभार पाहत होता तोच मुख्यतः दोषी धरला जातो, आणि कारभाराशी संबंध नसलेल्या भागीदाराला तसा बचाव घेता येतो. पण नोटीस तिलाही येते, वकीलही करावा लागतो. कर वाचवण्यासाठी पत्नीला किंवा आईला फर्ममध्ये घेण्याचा सल्ला देणाऱ्याने ही बाजूही तिला, तिच्या समोर बसून, सांगायला हवी.

८. मी फर्ममधून केव्हाच बाहेर पडलो, तरी जुन्या फर्मच्या नोटिसा मला येतात. असे कसे?

रिटायरमेंट डीड हा तुम्हा भागीदारांमधील कागद आहे. जगाला तो आपोआप कळत नाही. कलम ३२ आणि ७२ नुसार नोंदणीकृत फर्ममधून बाहेर पडताना रजिस्ट्रारला कळवणे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात जाहीर सूचना देणे आवश्यक आहे. ती दिली नाही, तर तुम्ही अजून भागीदार आहात असे समजून व्यवहार करणाऱ्यांना तुम्ही बांधील राहता. जीएसटीसाठी स्वतंत्र तरतूद आहे : निवृत्तीची लेखी सूचना आयुक्तांना एक महिन्याच्या आत द्यावी लागते, न दिल्यास, ती प्रत्यक्ष पोहोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी तुमच्यावर चालू राहते.

बँकेची हमी तर या कशानेही सुटत नाही. बँकेकडून तुम्हाला हमीतून मुक्त केल्याचे पत्र मिळेपर्यंत बाहेर पडलो असे समजू नये, आणि ते पत्र हाती येईपर्यंत हिश्श्याच्या शेवटच्या हप्त्याची पावतीही लिहून देऊ नये.

९. माझे यजमान भागीदार होते, ते अचानक गेले. मी आपोआप भागीदार झाले का? त्यांचे भागीदार म्हणतात, ‘वहिनी, हिशेब बघू सावकाश.’

आपोआप नाही. तुम्हाला मिळतो तो त्यांच्या हिश्श्याच्या रकमेचा हक्क, फर्म चालवण्याचा नव्हे. मात्र ‘सावकाश’ला कायद्याने किंमत लावली आहे. हिशेब पुरा न करता उरलेले भागीदार तीच मालमत्ता वापरून धंदा चालवत राहिले, तर कलम ३७ प्रमाणे मृताच्या वारसांना दोहोंपैकी एक निवडता येते : त्यांच्या पैशांच्या वापरातून झालेल्या नफ्याचा वाटा, किंवा त्या रकमेवर वार्षिक ६ टक्के व्याज. डीडमध्ये वेगळे ठरले असेल तर ते लागू होते, म्हणून सर्वप्रथम डीडची प्रत मागावी. मृत्यूनंतर फर्मने केलेल्या नव्या व्यवहारांचे देणे मृताच्या मालमत्तेवर येत नाही; आधीच्या व्यवहारांचे येते.

इच्छापत्र नसेल तर ही रक्कम एकट्या पत्नीची नसते. पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे सर्व पहिल्या वर्गातील वारस असून त्यांचा वाटा समान असतो. सासूबाईंचाही वाटा आहे हे अनेक घरांत वारस दाखल्याच्या अर्जापर्यंत कोणाच्या ध्यानात नसते. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत.

१०. सगळीकडे पत्नीला नॉमिनी केले आहे. मग इच्छापत्राची काय गरज?

नॉमिनी रक्कम स्वीकारतो. ती कोणाची हे वारसा कायदा किंवा इच्छापत्र ठरवते. कंपनीच्या शेअर्सबाबत काही काळ गोंधळ होता, तोही डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला : शेअर्सचा नॉमिनीदेखील मालक होत नाही. सहकारी सोसायटीतील दुकानाबाबत नॉमिनीला वारस निश्चित होईपर्यंत तात्पुरता सदस्य म्हणून घेतले जाते, इतकेच.

बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि ठेवींसाठी त्यांची टक्केवारीही ठरवता येते. ही सोय व्यक्तीच्या आणि प्रोप्रायटरी खात्यांसाठी आहे. भागीदारी फर्मच्या करंट खात्याला नॉमिनेशन नसते; तेथे डीडमधील कलमच कामाला येते (प्रश्न ४).

११. इच्छापत्र नोंदवावेच लागते का? आणि त्यात धंद्याबद्दल काय लिहावे?

नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावर केलेले इच्छापत्रही चालते. लागते ते एवढेच : करणाऱ्याची सही, आणि ती होताना पाहिलेल्या किंवा त्याने ती आपलीच असल्याचे ज्यांच्याकडे मान्य केले अशा किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण इच्छापत्र उघडले जाते तेव्हा त्यांनी हयात असणे सोयीचे असते. प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून इच्छापत्र शाबीत करून घेण्याची, जी सक्ती मुंबई शहरातील हिंदू कुटुंबांना परिचित होती, तिच्या हद्दीत ठाणे आणि नवी मुंबई नव्हते. त्यामुळे दादरच्या नातेवाइकाचा अनुभव येथे जसाच्या तसा लावू नये.

‘माझी फर्म मी मोठ्या मुलाला देतो’ हे वाक्य भागीदाराच्या इच्छापत्रात निरुपयोगी आहे. फर्म तुमची एकट्याची नाही, आणि इतर भागीदारांच्या संमतीशिवाय मुलाला तुमच्या इच्छापत्राने भागीदारी मिळू शकत नाही. ‘अमुक फर्ममधील माझ्या हिश्श्यापोटी येणे असलेली सर्व रक्कम’ असे लिहावे, आणि मुलाला धंद्यात घ्यायचे असेल तर तशी तरतूद डीडमध्ये आधी करून घ्यावी. एकट्या मालकाने मात्र माल, यंत्रे, येणे, व्यवसायाचे नाव आणि जागेतील हक्क असे एकेक नमूद करून आपला धंदा जरूर देऊन ठेवावा.

१२. वडिलांच्या नावावरचा जीएसटी क्रमांक मी वापरत राहिलो तर चालेल का?

चालणार नाही. प्रोप्रायटरचा क्रमांक त्याच्या पॅनशी जोडलेला असतो आणि वारसाला हस्तांतरित होत नाही. वारसाने आपल्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी, कारण म्हणून मालकाचा मृत्यू नमूद करावा, शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-०२ या फॉर्मने नव्या क्रमांकावर आणावे, आणि मग जुनी नोंदणी रद्द करून घ्यावी. हा क्रम उलटा झाला की क्रेडिट अडकते. वारसाने धंदा पुढे चालवला तर वडिलांची कराची थकबाकी त्याच्याकडे येते. धंदा बंद केला तर मिळालेल्या मालमत्तेपुरतीच ती जबाबदारी राहते. थकबाकी किती आहे हे न पाहता नवी नोंदणी घेण्याची घाई करू नये, ती या कारणाने.

१३. आमची जागा एमआयडीसीची / सिडकोची / पागडीची / भाड्याची आहे. मालकानंतर तिचे काय होते?

ठाण्यात आणि नवी मुंबईत सर्वाधिक अडचणी जागेच्या असतात, कारण ज्याला आपण ‘माझा गाळा’ म्हणतो तो अनेकदा कायद्याने आपला नसतो.

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एमआयडीसीचे भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. भागीदार बदलणे, हिस्सा वाढवणे, प्रोप्रायटरीची फर्म करणे यांपैकी काहीही करण्याआधी महामंडळाची परवानगी लागते. भागीदार परस्पर बदलले आणि ते कित्येक वर्षांनी बँकेच्या तारणाच्या वेळी उघड झाले, की हस्तांतरण शुल्काचा हिशेब नव्याने मांडला जातो. सिडकोच्या जमिनीवरील दुकानांचेही तसेच : जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे सोसायटीच्या दाखल्याबरोबर सिडकोकडील हस्तांतरणही पुरे करावे लागते. केवळ शेअर सर्टिफिकेटवर नाव चढले म्हणून काम संपले असे समजू नये.

जुन्या ठाण्यातील पागडीच्या दुकानांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यातील कलम ७ (१५) प्रमाणे, व्यापारी जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर तेथे व्यवसाय करत असलेला कुटुंबातील सदस्य भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल तर वारसांनी आपसांत ठरवलेला किंवा न्यायालयाने ठरवलेला वारस. म्हणजे पुण्यात नोकरी करणाऱ्या थोरल्यापेक्षा गल्ल्यावर बसणाऱ्या धाकट्याची बाजू बळकट असते, आणि त्याचे तेथे बसणे दाखवणारा कागद, जसे पगाराची नोंद किंवा फर्मचे डीड, मोलाचा ठरतो. पागडीच्या दुकानात बाहेरचा भागीदार घेताना मात्र सावध असावे. भागीदारी केवळ कागदावर असून जागेचा ताबा त्याच्याकडे गेला असेल, तर घरमालक त्याला पोटभाडेकरू म्हणून दावा लावतो.

लीव्ह अँड लायसन्सवरील जागेत वारसाला काही मिळत नाही. तो करार व्यक्तिगत असतो. फर्मच्या नावाने करार करून घेणे आणि एका भागीदाराच्या मृत्यूनंतरही मुदत चालू राहील असे त्यात लिहून घेणे, एवढेच हाती असते.

१४. दुकान माझ्या नावावर आहे. ते फर्ममध्ये भांडवल म्हणून दाखवू का? किंवा पत्नीला बक्षीस देऊ का?

स्थावर मालमत्ता भांडवल म्हणून आणली की महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते, आणि विसर्जनाच्या वेळी ती दुसऱ्या भागीदाराकडे गेली तर पुन्हा लागते. शिवाय ती फर्मची झाली की फर्मच्या देण्यांना बांधली जाते. जागा स्वतःकडे ठेवून फर्मला वापरायला देण्याचा लेखी करार करावा, हे बहुतेकांसाठी बरे पडते. बक्षीसपत्राबाबत, जवळच्या नात्यातील २०० रुपयांच्या शुल्काची जी सवलत सर्वांना पाठ असते, ती राहत्या घरापुरती आणि शेतजमिनीपुरती आहे. दुकानाला किंवा गाळ्याला ती मिळत नाही.

१५. मुलगा १६ वर्षांचा आहे. त्याला भागीदार करता येईल का?

पूर्ण भागीदार करता येत नाही. सर्व भागीदारांच्या संमतीने त्याला फक्त नफ्याच्या लाभासाठी सामील करता येते, आणि देण्यांसाठी केवळ त्याचा फर्ममधील हिस्साच बांधील राहतो. सापळा अठराव्या वर्षानंतर आहे. सज्ञान झाल्यावर, किंवा आपण सामील आहोत हे त्याला कळल्यावर, यांपैकी जे नंतरचे त्यापासून सहा महिन्यांत त्याने जाहीर सूचना देऊन आपला निर्णय कळवला नाही, तर तो भागीदार झाला असे मानले जाते, आणि त्याची जबाबदारी मागे जाऊन लाभासाठी सामील झाला त्या दिवसापासून सुरू होते. बारावीच्या परीक्षेच्या धांदलीत ही तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही.

१६. मी पत्नीला कुलमुखत्यारपत्र देऊन ठेवले आहे. मला काही झाले तर ती सगळे पाहील ना?

तुम्ही परदेशी असाल किंवा पाय मोडून घरी असाल तर पाहील. पण मुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपते आणि मुखत्यारपत्र देणारा मनाने अक्षम झाल्यावरही संपते, म्हणजे ज्या प्रसंगासाठी ते केले तेव्हाच ते हातून जाते. पक्षाघातानंतर बेशुद्धावस्थेत असलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते. त्याआधीची सोय म्हणून फर्मच्या खात्यावर दुसऱ्या भागीदाराची सही अधिकृत असणे, घरखर्चाचे खाते ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने संयुक्त असणे, आणि एखादा भागीदार ठरावीक महिने काम करू शकला नाही तर त्याच्या पगाराचे व हिश्श्याचे काय, हे डीडमध्ये लिहिलेले असणे, यावर भर द्यावा.

१७. धंदा बुडाला तरी घरच्यांसाठी काही सुरक्षित राहील असा मार्ग आहे का?

विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा अधिनियम, १८७४ मधील कलम ६ खाली पतीने स्वतःच्या आयुष्यावर पत्नी किंवा मुलांच्या लाभासाठी घेतलेली विमा पॉलिसी त्याच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि त्याच्या धनकोंना त्यावर हात ठेवता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो. चालू पॉलिसीला हे नंतर जोडता येत नाही. धनकोंना फसवण्याच्या हेतूने हप्ते भरल्याचे सिद्ध झाले तर तेवढ्या हप्त्यांपुरते संरक्षण राहत नाही.

१८. मसाल्याचा ब्रँड मी सुरू केला, भागीदार नंतर आला. नाव कोणाचे?

ट्रेडमार्कच्या अर्जात अर्जदार म्हणून कोणाचे नाव आहे ते प्रथम पाहावे. तुमचे असेल तर फर्मला वापराची लेखी परवानगी द्यावी. फर्मचे असेल तर विसर्जनानंतर नाव कोणाकडे जाईल हे डीडमध्ये लिहावे. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्यांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ९,००० ऐवजी ४,५०० रुपये पडते, आणि नोंदणी दर १० वर्षांनी नूतनीकृत करावी लागते.

१९. आम्ही खारघरला राहतो, दुकान नेरुळला आहे. वारस दाखल्यासाठी कोठे जायचे?

नेरुळ ठाणे जिल्ह्यात आहे, खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. दोन्ही नवी मुंबईच म्हणवतात, पण न्यायालये वेगळी. उधारी आणि शेअर्ससाठीचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मृत व्यक्ती मृत्यूसमयी सामान्यतः जेथे राहत होती तेथील न्यायालयाकडून घेतात, म्हणजे तुमच्या बाबतीत रायगड जिल्ह्यातून. इतर कामांसाठीचा वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियम आठखाली मिळतो. बँक नेमका कोणता कागद मागते हे लेखी विचारून मगच अर्ज करावा, कारण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

२०. व्यवसाय माझ्या एकटीच्या नावावर आहे, मी विधवा आहे, मूल नाही. माझ्यानंतर तो माझ्या भावाला मिळेल ना?

इच्छापत्र नसेल तर, नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे स्त्रीने स्वतः कमावलेली मालमत्ता प्रथम मुले आणि पती यांना, ते नसतील तर पतीच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर तिच्या आईवडिलांना जाते. म्हणजे तुम्ही स्वतःच्या कष्टाने उभे केलेले ब्यूटी पार्लर, ज्यात सासरचा एक रुपयाही नाही, ते दिरांकडे जाईल आणि भाऊ रांगेत बराच मागे राहील. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता तेवढी, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परतते. त्यातून विकत घेतलेल्या यंत्रांवर किंवा दुकानावर हा अपवाद लागू होतो का, यावर वाद होऊ शकतो. दोन साक्षीदारांसमोर केलेले एका पानाचे इच्छापत्र या प्रसंगी पुरे होते, आणि ते या आठवड्यातही करता येते. त्याची पद्धत प्रश्न ११ मध्ये दिली आहे.